डिकीतला आवाज समोरून आला पाहिजे

(सोलापुरातले गाडीमालक आणि वायरिंगचं काम शिकणारी मुलं यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. माझं लहानपण पूर्व भागात गेलं. वडील टॉवेलच्या लूमवर होते आणि दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं होतं. लूमची खटखट सगळ्या सोलापूरला माहीत आहे. पण त्या खटखटीच्या खाली आणखी एक आवाज असतो. तो कानाला कमी आणि तळपायाला जास्त कळतो. फरशीवर अनवाणी उभं राहिलं की तो पोटरीपर्यंत चढायचा. डबा देऊन भिंतीपलीकडच्या बोळात आलो की खटखट मंद व्हायची, हा मात्र तसाच येत राहायचा. तो आवाज काय होता, हे मला पुढं वायरिंगचं काम शिकताना कळलं. गाडीत बसून आपण ज्याला बास म्हणतो, तो हाच. कंपनीच्या स्टिरिओला वूफर जोडून तो गाडीत नीट कसा आणायचा, ते आज सांगतो.

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातला तळाचा २० ते ८० चा पट्टा एवढंच सबवूफरचं, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, काम. आपण त्याला नुसतं वूफर म्हणतो. पट्टा छोटा दिसतो, पण गाण्याचा पाया तिथं असतो. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग गाडीत लावून बघा. हलगीचा कडकडाट दारातल्या स्पीकरमधून चोख येतो, पण ढोलाचा घुमारा येत नाही. ढोलावर टिपरू पडल्याचं कळतं, ढोल मात्र दिसत नाही.

यात कंपनीच्या स्टिरिओची चूक नाही, त्याची ताकदच तेवढी असते. डब्यावर लिहिलेलं असतं चार गुणिले ५० वॅट. तो आकडा क्षणभराचा. हिशोब आपण इथंच करू. इंजिन चालू असताना गाडीत जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओच्या आतल्या चिपला तेवढ्याच व्होल्टात लाट उभी करायची असते, म्हणजे सरासरी धरली तर १० व्होल्ट. दहाचा वर्ग १००, त्याला स्पीकरच्या ४ ओमनं भागा, २५ वॅट. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १८-२० वॅटपर्यंत मिळतो, त्यापुढं फाटतो. बाहेरच्या अ‍ॅम्पमध्ये (आवाजाची ताकद वाढवणाऱ्या डब्यात) वेगळी पॉवर सप्लाय असते, ती १२ व्होल्ट आधी चढवून घेते. अ‍ॅम्पचं खरं काम हे आहे.

शिवाय बासला हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर स्पीकरच्या कोनला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, चौपट पुढं-मागं हलावं लागतं. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ते झेपत नाही. कंपनीच्या इंजिनिअरला हे माहीत असतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत एक सोय केलेली असते. तुम्ही आवाज वाढवत नेला की स्टिरिओ आपोआप बास कमी करत जातो. स्पीकर फाटू नये हा त्यामागचा हेतू. पण त्याच तारेवरून सिग्नल घेऊन वूफर लावला, तर आवाज वाढवल्यावर वूफरचाच आवाज बसतो. मग गिऱ्हाईक म्हणतं वूफर खराब, बदलून द्या. अशा गाडीला सिग्नल दुरुस्त करून देणारा प्रोसेसर लागतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक करा. खालच्या सुराचं एक गाणं लावा आणि आवाज हळूहळू चढवत न्या. बास आवाजाबरोबर वाढतोय की मध्येच थांबतोय, ते कान देऊन ऐका.

आता वूफर कोणता घ्यायचा? सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी आहे, प्रश्न मिटला. सीटखाली बसणारा आठ इंची अ‍ॅक्टिव्ह वूफर घ्या, त्यात अ‍ॅम्प आतच असतो. डिकी मोकळी असेल तर माझी पसंती दहा इंची वूफर आणि बंद पेटीला. भोक असलेली पेटी जास्त मोठ्यानं वाजते हे खरं. पण ज्या सुराला ती जुळवलेली असते त्याच्या खाली गेलं की तिचा आवाज झपकन पडतो. बंद पेटीचा उतार सावकाश असतो. आणि गाडी त्या उताराला मदत करते. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, गाडीचं केबिन अडीच-तीन मीटरचं. एवढी लांब लाट एवढ्याशा बंद जागेत मावत नाही, त्यामुळं सगळ्या केबिनमधला दाबच वर-खाली होतो आणि खालचे सूर आपसूक भरून येतात. घरातल्या हॉलमध्ये हे सुख नाही.

पेटी किती लिटरची करायची ते अंदाजानं ठरवू नका. वूफरबरोबर जो कागद येतो त्यावरचे आकडे थील आणि स्मॉल या दोघांच्या नावानं ओळखले जातात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली निबंध लिहिला आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढं नेलं. त्या आकड्यांवरून पेटी आधी कागदावर बनवता येते. एवढं आयतं हातात असताना सुताराला ‘डिकीत मावेल एवढी कर’ म्हणून सांगणं मला पटत नाही.

सिग्नलचं थोडक्यात सांगतो. कंपनीच्या स्टिरिओला मागं आरसीए पिना (नुसता सिग्नल बाहेर काढायच्या जागा) बहुतेक नसतात. मग मागच्या स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घ्यायचा. अ‍ॅम्पला हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या तारा घेणारी जागा) असेल तर थेट, नसेल तर मध्ये सिग्नल कमी करून देणारा कन्व्हर्टर लावून. गाडीची मूळ वायर कापू नका. कपलर टू कपलर जोडणी मिळते, चार पैसे जास्त जातात, पण उद्या काढून टाकलं की गाडी होती तशी होते आणि वॉरंटीवरून वाद होत नाही. स्टिरिओच्या स्पीकरच्या तारांवर तो चालू असताना साधारण ६ व्होल्ट डीसी असतात. अनेक अ‍ॅम्प तेवढ्यावरूनच चालू-बंद होतात, वेगळी रिमोटची तार ओढावी लागत नाही. आणि पिवळ्या कपलरला, पिवळ्या स्लीव्हला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायरिंग असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आलो, ती सांगतो. फ्यूज.

मी नवीन होतो तेव्हा एका गाडीला अ‍ॅम्प बसवून दिला. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड तार ओढली आणि फ्यूज अ‍ॅम्पच्या शेजारी, डिकीत लावला. मला वाटलं, फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो. बॉनेटमधून केबिनमध्ये तार आणताना पत्र्याला भोक पाडलं आणि त्यात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घातला नाही. गाडी तीन महिने छान वाजली. एका गुरुवारी ते कुटुंब अक्कलकोटला दर्शनाला निघालं आणि वळसंगच्या पुढं डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. पत्र्याची कड तारेवर घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. तांबं बॉडीला लागलं, बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहिले आणि वाटेत अडवायला काहीच नव्हतं. मी लावलेला फ्यूज डिकीत शाबूत होता, कारण त्याच्यापर्यंत करंट पोचलाच नव्हता. एका ट्रॅक्टरवाल्यानं पाना घालून बॅटरीचं टर्मिनल काढलं म्हणून गाडी वाचली. मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. त्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि सगळी वायरिंग स्वखर्चानं बदलून दिली, पण तो गुरुवार माझ्या मनातून गेलेला नाही.

फ्यूज तार वाचवण्यासाठी असतो. तो बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत हवा. तारेला भोकात ग्रोमेट आणि बॉनेटमध्ये सगळीकडं फ्लेक्झिबल पाइप हवा. मुलांनो, गिऱ्हाईक घाई करत असलं तरी याला पर्याय नाही.

तार किती जाडीची? समजा अ‍ॅम्प ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत तेवढी ताकद देणारा), क्लास डीचा (कमी वीज वाया घालवणारा) आहे. त्यातली वीसेक टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे तो बॅटरीकडून ३७५ वॅट मागतो. भागिले १३.८ व्होल्ट, २७ अँपिअर. त्याला १० स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची तार आणि ४० अँपिअरचा फ्यूज पुरे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार स्वस्तात मिळते. वरून ती अगदी तशीच दिसते. टोक खरवडलं की आत पांढरी निघते. तीच घ्यायची असेल तर दोन साइज जाड घ्या.

प्लसच्या तारेची एवढी काळजी घेणारे लोकसुद्धा अर्थिंगला, म्हणजे मायनसची तार बॉडीला जोडायला, डिकीतला कुठलाही स्क्रू पकडतात. अशा कच्च्या जोडात एक दशांश ओमचा अडथळा ही किती छोटी गोष्ट, पण २७ अँपिअर गुणिले ०.१ म्हणजे २.७ व्होल्ट तिथंच गळून गेले. अ‍ॅम्पच्या हातात ११ व्होल्ट राहतात. मी काय करतो ते सांगतो. डिकीतली चटई उचलतो आणि चॅसिसला वेल्डिंग केलेला जाड पत्रा शोधतो. खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना, हे गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेत नाही. मग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरनं घासतो. आधी रंग जातो, मग करडा प्रायमर, आणि मग पत्रा चकाकायला लागतो. प्रायमर राहिला तर काम फुकट. तारेच्या टोकाला लग (भोकाचं धातूचं टोक) दाबून क्रिंप करायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस किंवा रंग मारायचा. सीट बेल्टचा बोल्ट वापरायचा नाही, तो जीव वाचवण्यासाठी आहे. हे सगळं झालं की गाडी चालू करून, वूफर वाजत असताना, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं अ‍ॅम्पच्या मायनसला लावतो. जवळजवळ शून्य दिसलं तरच चटई खाली. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी जी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते, तीसुद्धा निम्म्या वेळा या कच्च्या अर्थिंगमुळंच येते.

अ‍ॅम्पवरचा गेनचा नॉब म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांचा मेळ घालण्यासाठी तो आहे. वूफरची तार काढून ठेवा, अ‍ॅम्पवरचं बास बूस्ट शून्यावर आणा, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या आणि ५० हर्ट्झचा सूर लावा. साधं मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनवलेलं असतं, म्हणून तोच सूर. ३०० वॅट गुणिले वूफरचे ४ ओम म्हणजे १,२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. वूफरची तार जिथून काढली त्या पिनांवर मल्टिमीटर लावून नॉब फिरवा, एसी व्होल्ट ३४ च्या आसपास आले की नॉब सोडून द्या. त्यापुढं नेलं की लाटेचे शेंडे कापले जातात, वूफरची कॉइल तापत राहते आणि एक दिवस डिकीतून जळक्या वॉर्निशचा वास येतो. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. अ‍ॅम्पला चटईखाली गाडू नका, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा.

राहिला वूफरकडं जाणारे वरचे सूर अडवणारा फिल्टर. तो ८० हर्ट्झवर ठेवा. त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे माणसाच्या कानाला नीट सांगता येत नाही, आणि आपल्या सगळ्या कामाची किल्ली ही आहे. वूफर डिकीत असतो, पण ढोल समोर काचेपाशी वाजल्यासारखा वाटला पाहिजे. त्यासाठी ड्रायव्हरच्या सीटवर बसा, फेजचं (कोनची पुढं-मागं हालचाल उलटी करणारं) बटण एकदा इकडं, एकदा तिकडं करा. ज्या बाजूला आवाज भरदार आणि पुढं सरकल्यासारखा वाटेल ती बाजू बरोबर. माझ्याकडं एक आजोबा येतात, आयुष्यभर भजनी मंडळात पखवाज वाजवलेले. त्यांनी एक दिवस फेज बदलायला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘आता धुमेवरचा हात दिसला.’ धूम म्हणजे पखवाजाची खालच्या सुराची बाजू. तेव्हापासून मी जुळवणी पखवाजावरच करतो.

आणि एवढं करूनही आवाज मागून येतोय असं वाटलं, तर वूफरला दोष देऊ नका. नंबर प्लेट दाबून धरा. मागचा ट्रे उचला. ती खडखड वरच्या सुराची असते, म्हणून कानाला तिची दिशा लगेच कळते. प्लेटमागं फोमचे चार तुकडे, दारांच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराची शीट. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तेवढी मोकळी ठेवा.

काच वर केल्यावर शेजाऱ्याला जो धडधडाट ऐकू जातो, त्याला मी चांगलं काम मानत नाही. आपल्या कायद्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शिवाय बास भिंतीतून जातो, हे मी लहानपणी त्या बोळात उभा राहून ऐकलंय. भिंतीच्या आत कुणी आजारी असतं, कुणाचं लेकरू झोपलेलं असतं. पुणे रोडला मागून येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन तुम्हाला ऐकू आला पाहिजे, आवाज त्याच्या आत ठेवा.

बाहेर आवारात माझी गाडी उभी आहे, बॉनेट आणि डिकी दोन्ही उघडून ठेवल्यात. चार-चार जण या. आधी पुढं बॅटरीपाशी या, फ्यूज आणि ग्रोमेट हात लावून बघा. मग मागं अर्थिंग दाखवतो. गाणं त्यानंतर लावू.