८८९ मतं : साउथ कॅरोलिना, १८७६

सव्हाना नदीच्या एका काठावर जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा शहर. पैलतीरावर, साउथ कॅरोलिनाच्या हद्दीत, हॅम्बर्ग. आज तिथे गाव उरलेलं नाही. १८७६ साली होतं, आणि अकरा वर्षांपूर्वीपर्यंत गुलामीत राबलेली माणसं तिथला कारभार पाहत होती.

४ जुलैला देश स्वातंत्र्याची शंभरी साजरी करत होता. हॅम्बर्गच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय मिलिशियाची, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यदलाची, कवायत चालली होती. बग्गीतून आलेल्या दोघा गोऱ्यांशी वाटेवरून बाचाबाची झाली. एवढंच निमित्त. चार दिवसांनी शेकडो हत्यारबंद गोरे गावावर चालून आले. नदीपलीकडून तोफ आणली. त्या रात्री सहा कृष्णवर्णीय मारले गेले, बहुतेक जण पकडल्यानंतर.

हे सगळं निवडणुकीच्या तोंडावर चाललं होतं. ७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता. रिपब्लिकनांचे रदरफर्ड हेस, डेमोक्रॅट्सचे सॅम्युएल टिल्डन. साउथ कॅरोलिनात दर पाच माणसांमागे जवळपास तीन कृष्णवर्णीय, आणि त्यांचा पक्ष लिंकनचा, म्हणजे रिपब्लिकन. सरळ मतदान झालं तर निकाल ठरलेलाच होता. तो उलटवायला लाल सदरे घातलेले घोडेस्वार गावोगाव फिरू लागले. हे डेमोक्रॅट्सचे स्वार. राज्याच्या गव्हर्नरपदासाठी त्यांचा उमेदवार होता वेड हॅम्प्टन, यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती.

१२ ऑगस्टला एजफील्डमध्ये रिपब्लिकनांची सभा होती. शेकडो सशस्त्र स्वारांनी ती घेरली. व्यासपीठावर गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन होते, आणि रॉबर्ट स्मॉल्स. १८६२ साली, गुलाम असताना, चार्ल्सटनच्या बंदरातून दक्षिणेच्या सैन्याचंच जहाज, बायकामुलांसह, किल्ल्यांच्या तोफांसमोरून बाहेर काढून स्वतंत्र झालेला हा माणूस आता काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य होता.

त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच चिठ्ठ्या छापून वाटत. हातात कुणाची चिठ्ठी आहे, ते मतदान केंद्रावरच्या सगळ्यांना दिसायचं. ज्याच्या शेतात राबायचं त्या मालकालाही, आणि बाहेर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या स्वारालाही. तरीही हजारो माणसं ती चिठ्ठी घेऊन पेटीपर्यंत चालत गेली. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोठी वाटते ती ही चाल.

एजफील्ड आणि लॉरेन्स परगण्यांत मतदारांहून मतं जास्त निघाली. एवढं करूनही राज्यात हेस पुढे राहिले. आघाडी ८८९ मतांची.

देशाचा हिशेब मात्र अडला. एकूण मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर. ती हवीत १८५, टिल्डन यांच्याकडे १८४. वीस मतांवर वाद, त्यातली सात साउथ कॅरोलिनाची. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशा फरकाने सगळी वीस हेस यांच्या पदरात टाकली. १८५ विरुद्ध १८४.

इकडे राज्यातही दोन्ही पक्ष विजयाचा दावा करत होते. राजधानी कोलंबियाच्या विधानभवनात तर दोन सभागृहं भरली होती. एकाच दालनात दोन सभापती, आणि चार दिवस, चार रात्री कुणी जागा सोडेना. गव्हर्नरही दोन. चेंबरलेन यांचं सरकार तगून होतं ते केंद्राच्या सैनिकांच्या पहाऱ्यावर.

हेस राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनीच तो पहारा उठवला. १० एप्रिल १८७७, भर दुपारी, सैनिक विधानभवनातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी चेंबरलेन यांनी कारभार हॅम्प्टनकडे सोपवला. ज्यांच्या चिठ्ठ्यांवर हेस निवडून आले, ती माणसं आपापल्या गावी, त्याच स्वारांच्या शेजारात उरली.

१८८२ मध्ये कायदा आला: प्रत्येक पदाला वेगळी पेटी, आणि चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. ज्यांना गुलामीत अक्षरओळख होऊ दिली नव्हती, त्यांनी आता पेटीवरचं नाव वाचायचं होतं. १८९५ मध्ये त्याच हेतूने राज्याची नवी घटना आली. तिचा सूत्रधार बेन टिलमन. हॅम्बर्गच्या त्या रात्री तो तिथे होता, आणि पुढे हे तो उघडपणे, अभिमानाने सांगत असे.

घटना समितीत कृष्णवर्णीय सहाच होते. त्यांत रॉबर्ट स्मॉल्स. मसुदा समोर आला, तेव्हा त्यांनी सही करायला नकार दिला.