शब्द टाकायला शिकताना

नमस्कार श्रोतेहो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन जिने चढलेलेच असणार. आम्ही चार पोरं. दार उघडलं की तिघं मागं सरकायचे आणि पुढचा अडकायचा. "काका, वर्गणी..." बस्स. किती, कशासाठी, काही नाही. एकदा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "गेल्या वर्षीचे उरलेले पैसे कुठं गेले रे?" आम्ही धूम ठोकली.

आता बँकेतून निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी रात्री आठला मी घरीच लॅपटॉप उघडून बसतो. समोर समाजकार्य शिकणारे तीन विद्यार्थी, तिघं तीन जिल्ह्यांत. एकीला रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, त्यामुळे पाऊस आला की आमचा वर्ग भिजतो. छोट्या संस्थेसाठी देणगी कशी मागायची, पत्र कसं लिहायचं, फोनवर काय बोलायचं, एवढाच अभ्यासक्रम. मानधन नाही. माझी पात्रता म्हणाल तर तीस वर्षं पैसे मागणारी माणसं माझ्या टेबलासमोर बसायची, आणि कुठल्या वाक्याला आपण मान वर करतो ते मला ठाऊक आहे.

गच्चीवरच्या मुलीचं पहिलं पत्र असं होतं, 'आमची संस्था विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे.' पुढं दीड पान तेच. मी विचारलं, "अभ्यासिकेत संध्याकाळी मुलं किती?"

"चौतीस."

"मग अडतं कुठं?"

"साडेसातला लाईट जाते, काका. मग सगळे घरी."

"बॅटरीला किती लागतील?"

गप्प. दोन दिवसांनी ती दुकानातून लेखी भाव घेऊन आली. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून २१,५०० रुपये. नवं पत्र सात ओळींचं झालं, आणि पहिल्याच ओळीत लाईट गेली होती.

त्याआधी मी एक घोळ घातला होता. एका मुलाचं पत्र मीच बसून लिहिलं, अगदी बँकेच्या थाटात. देणगीदाराचा फोन आला, त्यानं पत्रातल्याच एका आकड्याबद्दल विचारलं आणि मुलाची त-त-प-प झाली. पत्र माझं होतं ना! तेव्हापासून मी नुसते प्रश्न विचारतो. हात शिवशिवतात, ते सोडा.

हिशोबाच्या बाजूला मुलं हमखास घसरतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला लिहितात, 'सीएसआरमधून मदत करा.' अहो, सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च; २०१३च्या कंपनी कायद्यातली ती नफ्याच्या दोन टक्क्यांची सक्ती नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी असलेल्या कंपन्यांना. किराणावाल्याकडे साधी देणगी मागावी. आणि देणगीवर आयकरात सवलत (१९६१च्या आयकर कायद्यातलं 'ऐंशी-जी' कलम) मिळेल असं छातीठोक सांगण्याआधी संस्थेची तशी नोंदणी आहे का, ते बघावं. २,००० रुपयांवर रोख घेतली तर देणाऱ्याला सवलत नाही, आणि त्यानं नवी कररचना निवडली असेल तर मुळातच नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना कोलंबियात शिकायला शिष्यवृत्ती दिली, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. पण त्याआधी, कॉलेजच्या शिक्षणासाठी, महाराजांकडे शब्द टाकला होता लेखक आणि शिक्षक असलेल्या केळुसकर गुरुजींनी. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती विचारतात, गुरुजी नेमकं काय बोलले असतील? मला आवडतो तो प्रश्न.

बॅटरीचं म्हणाल तर आठ जणांनी दिलं, अजून चार हजार कमी आहेत. परवा एका बाईंनी फोनवर विचारलं, "गेल्या वर्षी मी पुस्तकांना पैसे दिले होते, त्यांचं काय केलंत?" मुलगी म्हणाली, "थांबा हं ताई, वही खाली आहे." गच्चीवरून उतरली, वहीचं पान काढलं आणि फोटो पाठवला. पुस्तकांची नावं, किंमती, आणि शेवटी पेन्सिलीनं, 'दोन हरवली.'