नीट द्यायच्या आधी कधीतरी आठ दिवस दवाखान्यात कुणाच्या तरी मागे उभे राहा

नमस्कार मंडळी. घरात कुणी सायन्सला असेल, बायोलॉजी घेतलं असेल, तर हा व्हिडिओ त्याच्यासाठी. खरं सांगू का, त्याच्या आई-बाबांसाठी जास्त.

नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले निम्मे बायोलॉजीचे. ‘कधी पेशंट जवळून पाहिलायस का?’ हा प्रश्न त्यात नाही. मुलाखतही नाही. अमेरिकेत मेडिकलला अर्ज करणारी मुलं डॉक्टरांच्या मागे किती तास उभी राहिली ते अर्जात लिहितात. शॅडोइंग म्हणतात त्याला. आपल्याकडे त्याला शून्य मार्क, मग कोण करतंय? २०१९ पासून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातच पेशंट दाखवायला लागलेत, चांगलंय. पण तोवर ॲडमिशन झालेली असते की ओ.

आपल्या सोलापुरात डॉ. कोटणीसांवर निबंध न लिहिलेलं पोरगं सापडायचं नाही. १९३८ ला चीनला गेले, तोंडपाठ. आता विचारा, डॉक्टर सकाळी दहा ते दोन नक्की काय करतो? गप्प.

मीही गप्पच होतो. दहावीच्या सुट्टीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या, एका फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन बसलो. वाटलं होतं, थरार असेल. बघितलं काय? बीपी, शुगर, बीपी, शुगर, सर्टिफिकेट. मग विड्या वळणाऱ्या एक आजी आल्या. मराठीत विचारलं तर “बरं हाय” म्हणाल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तेलुगूत विचारलं, “नोप्पी?” आजींचा हात आधी खांद्यावर गेला, मग छातीवर. पुढची दहा मिनिटं त्याच बोलत होत्या. मी घरी येऊन वहीत दोन शब्द लिहिले. तेलुगूत दुखणं म्हणजे नोप्पी, कन्नडमध्ये नोवू. आज इंटर्न म्हणून वॉर्डात उभा राहतो तेव्हा हेच दोन शब्द रोज लागतात.

पण नुसत्या डॉक्टरांकडे जाऊन थांबू नका. लॅबमध्ये बसा. तिथल्या टेक्निशियननी मला एक नळी दाखवली, वरचं पाणी लालसर झालेलं. रक्त ओढताना घाई झाली, पेशी फुटल्या, की पोटॅशियम उगाच जास्त येतं. रिपोर्ट चुकीचा, पेशंट ठणठणीत. त्यांनी तो रिपोर्ट अडवला आणि पुन्हा सॅम्पल मागवलं. डॉक्टरला हे कळलंसुद्धा नसेल.

मेडिकल दुकानात काउंटरच्या आत एक संध्याकाळ काढा. गावाकडं मामा-मावशी असतील तर आशाताईंबरोबर उन्हातान्हात घरोघर हिंडा. साधारण हजार माणसांमागे एक आशाताई असते. कुठल्या घरात सून गरोदर आहे आणि कुणी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्यात, हे तिला दवाखान्याच्या आधी ठाऊक असतं. माझी मावसबहीण अशीच फिजिओथेरपिस्टकडे चार दिवस बसली आणि तिथंच रमली. लोक अजून म्हणतात, “नीटला कमी पडली वाटतं.” म्हणू द्या.

आता जाताना पाळायच्या गोष्टी. पेशंटला विचारल्याशिवाय आत थांबायचं नाही. नको म्हणाले की बाहेर. कशाला हात लावायचा नाही. मोबाइल खिशातच, फोटो-स्टेटस काही नाही. गल्लीतलं कुणी तिथं दिसलं तर घरी येऊन आईलासुद्धा सांगायचं नाही, हे सगळ्यात अवघड! सिव्हिलसारख्या मोठ्या ठिकाणी रीतसर परवानगी काढा, ओळखीनं वॉर्डात घुसू नका.

आणि उपाशी जाऊ नका. मी गेलो होतो. शुगरच्या पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग चाललेलं, मी भिंतीला टेकून हळूच खाली बसलो. सिस्टरांनी आधी त्या आजोबांचं ड्रेसिंग पुरं केलं, मग मला चहा पाजला. त्यांचा क्रम बघून ठेवला मी.

विचारायला जायचं ते दुपारी दीडनंतर, गर्दी ओसरल्यावर, समोर जाऊन. मेसेज टाकून नाही. नाही म्हणतील का? म्हणतील. मला तिघं नाही म्हणाले. चौथ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “चप्पल बाहेर काढून ये.”