मे महिन्यात टिकेल तोच वेग

मंडळी, आत येताना दारातच एका विद्यार्थ्याने मला विचारले, की माझा प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झपर्यंत चढेल. मी त्याला उलट विचारले, की संगणक घरात कोणत्या खोलीत आहे आणि वैशाखात दुपारी दोन वाजता त्या खोलीत बसवते का. त्याला ती थट्टा वाटली. रत्नागिरीत संगणक जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की पहिल्यांदाच ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिपला तिच्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करू पाहणाऱ्या कोकणातल्या माणसाने हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा. वातानुकूलित खोलीत बसून कोणी दाखवलेल्या आकड्यात चिपचा वाटा असतो, तसा त्या खोलीचाही असतो.

प्रोसेसरचा वेग हा एक साधा गुणाकार आहे. मदरबोर्डवरचे मूळ क्लॉक, म्हणजे सगळ्यांना ताल देणारे घड्याळ, आजच्या बहुतेक यंत्रांत १०० मेगाहर्ट्‌झचे असते; त्याला ४२ या गुणकाने गुणले की ४.२ गिगाहर्ट्‌झ होतात. गुणक ४४ केला की ४.४. हा गुणक बदलण्याची मुभा मात्र सर्वांना नसते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीचे बहुतेक रायझन प्रोसेसर मोकळे असतात, पण ‘ए’ मालिकेच्या स्वस्त बोर्डावर प्रोसेसर वाढवता येत नाही. आपल्याकडे काय आहे हे पावतीवर पाहून घ्यावे, म्हणजे बायोसमध्ये, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, नसलेली गोष्ट शोधण्यात संध्याकाळ जात नाही.

कारखान्याने लिहिलेल्या आकड्यापेक्षा चिप अधिक वेगाने चालतेच कशी, हे आपल्याला समजायला अवघड नाही. एकाच बागेतले हापूस उतरवल्यावर प्रतवारी होते. काही फळे चार डझनांच्या पेटीत जातात, काही सहा डझनांच्या. सिलिकॉनच्या एकाच चकतीवरच्या चिपांचीही अशीच तपासणी होते आणि त्यांवर वेगवेगळ्या वेगांची नावे पडतात. बाजारात लहान फळाची मागणी वाढली, तर बरे मोठे फळही त्या पेटीत जाते. १९९८ साली इंटेलने काढलेल्या ‘सेलेरॉन ३०० ए’ या स्वस्त प्रोसेसरची ख्याती त्यामुळेच झाली. त्याचा गुणक ४.५ वर पक्का होता, पण बसचा, म्हणजे त्या काळच्या मूळ क्लॉकचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालू लागे, आणि पुष्कळांचा तो चालला.

ते दिवस आता नाहीत. हल्लीचे प्रोसेसर थंडावा आणि वीज मिळेल तसा आपला वेग स्वतःच वाढवतात, म्हणजे शिलकीचा मोठा भाग कारखान्यानेच खर्च केलेला असतो. उरलेला शेवटचा तुकडा मिळवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. चिप चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.० वरून ४.४ गिगाहर्ट्‌झ केला आणि त्यासाठी १.२० चे १.३२ व्होल्ट करावे लागले, तर दोन्ही वाढी दहा टक्क्यांच्याच आहेत, पण १.१ चा घन १.३३ होतो, म्हणजे १०० वॅटच्या जागी १३३ वॅट उष्णता बाहेर काढावी लागते. व्होल्टेज फार काळ जास्त राहिले तर चिप कायमची झिजते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्यामुळे अस्थिर होऊ लागले, आणि २०२४ साली कंपनीला त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथे तर कोणी हौसेने आकडा चढवलेलाही नव्हता.

आता या १३३ वॅटला आपल्या खोलीत आणा. समजा, तुमचा कूलर दर वॅटमागे चिपला खोलीच्या हवेपेक्षा अर्धा अंश अधिक तापू देतो. मग १३३ वॅटला चिप हवेपेक्षा सुमारे ६६ अंशांनी वर राहील. खोली २४ अंशांची असेल तर ९०, आणि आपली मे महिन्यातली ३३ अंशांची असेल तर ९९. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिला टेकताच प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो, आणि एवढा खटाटोप करून मिळवलेले जातेच, वर विजेचे बिल राहते. महागडा पाण्याचा कूलर बसवला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही. विक्रम करणारे लोक उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततात हे खरे, पण त्यांनाही बोर्डावर जमणारे दव आवरावे लागते. आपल्याकडे श्रावणात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून किती घाम सुटतो हे आठवा, आणि बर्फाचे प्रयोग मनातही आणू नका.

उन्हापेक्षा खारा वारा अधिक कावेबाज आहे. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी कशी खाऊन जाते ते आपण पाहतो. तोच वारा कॅबिनेटमध्येही फिरतो. मीठ ओल धरते, ओल धूळ धरते, आणि कूलरच्या पात्यांमध्ये एक चिकट थर बसतो. मी कोणत्याही संगणकाचा वेग वाढवण्याआधी कूलर उतरवून ब्रशने स्वच्छ करतो, चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावतो आणि रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसतो. खोडरबरावर उमटलेली काळी रेघ पाहिली की मालक गप्प होतो. कित्येकदा एवढ्यानेच संगणक हँग होण्याचे थांबते.

माझा आग्रह असा, की पहिला हात मेमरीला, म्हणजे रॅमला, लावावा. पुष्कळांनी ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम विकत घेतलेली असते, आणि टास्क मॅनेजर उघडला तर ती २१३३ किंवा २४०० वर चालत असते, कारण लिहिलेला वेग बायोसमध्ये प्रोफाइल, म्हणजे रॅममध्येच साठवलेली वेगाची तयार मांडणी, चालू केल्यावरच मिळतो. इंटेल त्याला एक्सएमपी म्हणते. डीडीआर४ नंतरच्या डीडीआर५ रॅमसाठी एएमडीचे एक्स्पो आहे. प्रोफाइल चालू केले की साधारणतः १.२ च्या जागी १.३५ व्होल्ट जातात आणि फरक मोजता येतो: सीएल म्हणजे मागितलेली माहिती द्यायला रॅम घेते ते ठोके; २१३३ ला सीएल १५ म्हणजे सुमारे १४ नॅनोसेकंदांची वाट, ३२०० ला सीएल १६ म्हणजे १०. सीएलचा आकडा वाढला तरी प्रत्यक्ष वेळ कमी झाला, हे इथे लक्षात घ्यावे. पहिल्यांदा पडदा काळा राहील, पंखे फिरून थांबतील आणि पुन्हा फिरतील. घाबरू नका, बोर्ड मेमरीशी जमवून घेत असतो. फारच अडले तर वीज काढून बोर्डावरचा गोल सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवावा. सगळे मूळपदावर येते. हे प्रोफाइलसुद्धा कंपन्यांच्या हिशेबी ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि प्रोसेसरची हमी त्याला सहसा लागू होत नाही, हेही सांगून ठेवतो.

संगणक चालू झाला म्हणजे काम झाले, असे मीही एकदा मानले होते. ३२०० ची रॅम मी ३४६६ वर नेली, दहा मिनिटे एक गेम चालवून पाहिला आणि समाधान पावलो. त्याच आठवड्यात चुलतभावाच्या लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवले आणि कार्ड पुसून परत दिले. महिन्याभराने काकू फोटो पाहायला बसली, तेव्हा मंगलाष्टकांचा एक फोटो अंतरपाटापर्यंत स्वच्छ होता आणि अंतरपाटाखाली सगळे करडे. आणखी तीन फोटोंत एका रेषेखालचे रंग जांभळे झाले होते. फाइल उतरवताना ती मेमरीतून जाते. तिथे एका बिटाचा शून्याचा एक झाला, आणि जेपीईजीमध्ये पुढचा भाग मागच्यावर अवलंबून असल्यामुळे तिथून खालचे सगळे बिघडले. संगणकाने एकदाही तक्रार केली नव्हती, कारण घरगुती रॅमला अशी चूक सहसा कळतच नाही. मेमरी त्या महिनाभर चुका करत होती आणि मी तिला शाबासकी देत होतो.

म्हणून मेमटेस्ट८६ ही मेमरी तपासणारी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावी, निदान चार फेऱ्या, आणि एकही चूक चालवून घेऊ नये. हे काम जूनमध्ये काढू नका. मध्यरात्री लाईट गेली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. मेमरी पार पडल्यावर हवे तर प्रोसेसरकडे वळावे: गुणक एकाने वाढवावा, प्रोसेसरला पूर्ण राबवणारे प्राइम९५ तासभर चालवावे, एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहावे आणि वहीत लिहावे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. माझे खासगी मत विचाराल तर उलटे करून पाहा: वेग तसाच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवा. आपल्या हवेत तोच संगणक थंड राहतो आणि आपला वेग अधिक काळ धरतो. त्यालाही चाचण्या मात्र याच.

माझ्या रॅमचे पुढे काय झाले, तेही सांगतो. ३२०० वर ती जानेवारीत चारही फेऱ्या निर्दोष पार पडली. मे महिन्यात दुपारी, एसी बंद ठेवून, मी मुद्दाम पुन्हा चाचणी लावली, तर तिसऱ्या फेरीत एक चूक निघाली. मेमरीच्या पेशीत साठवलेला विद्युतभार उष्णतेत लवकर झिरपतो, त्याचा तो पुरावा होता. आता ती ३००० वर आहे आणि लग्नाच्या उरलेल्या फोटोंच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर आहेत. प्रश्न असतील तर विचारा. पंखा जरा कमी करतो, म्हणजे मागच्यांचे ऐकू येईल.