हवा एक, बोलणारे अनेक: वायरलेस नेटवर्क चालतं कसं

मंडळी, वायरलेस नेटवर्कबद्दलची एक तक्रार तुम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी केली असेल: रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही. ही तक्रार खरी असते. तिच्या मुळाशी गेलं की या तंत्रज्ञानाचा गाभाच हाती लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

फोनवरच्या दांड्या एवढंच सांगतात, की राउटरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. तुमच्या फोनला बोलायला वेळ किती मिळतोय, हे त्या सांगत नाहीत. आणि वायरलेसमध्ये खरी टंचाई वेळेचीच असते.

आजच्या इथरनेटमध्ये, म्हणजे केबलच्या नेटवर्कमध्ये, प्रत्येक कॉम्प्युटरपासून स्विचपर्यंत (सगळ्या केबल जिथे जोडतात ते खोकं) स्वतंत्र केबल जाते. तिच्यातून दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा जातो, आणि शेजारच्या केबलवर काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. रेडिओला ही चैन नाही. एका चॅनेलवरची, म्हणजे रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यातली, सगळी उपकरणं, तुमची आणि शेजाऱ्यांचीही, एकच हवा वापरतात. दोघं एकदम बोलले तर बहुतेक वेळा दोघांचंही वाया जातं. राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग एकट्या तुमचा नसतो. तो सगळ्यांत वाटला जातो, आणि तोही आदर्श परिस्थितीतला.

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हाताळला तो अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात. बेटं वेगवेगळी, आणि मुख्य कॉम्प्युटर ओआहू बेटावर. तिथल्या नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये अलोहानेट हे रेडिओवर चालणारं नेटवर्क सुरू केलं. नियम अगदी साधा होता. पाठवायचं असेल तेव्हा पाठवून टाका. पोच आली नाही, तर टक्कर झाली असं समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. मात्र हा थोडा वेळ प्रत्येकाने आपापला, यदृच्छेने निवडायचा. नाहीतर तेच दोघं पुन्हा एकदम बोलणार. गणित असं सांगतं, की या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडून तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचं असं ठरवलं, तर तो 37 टक्क्यांपर्यंत जातो.

बॉब मेटकाफ या अमेरिकी इंजिनिअरने अलोहानेटचा बारकाईने अभ्यास केला होता. 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी इथरनेटची कल्पना मांडली. ते तारेवर चालणारं होतं, आणि त्यात दोन सुधारणा होत्या. बोलण्याआधी ऐका, आणि बोलतानाही ऐकत राहा. टक्कर झाल्याचं कळलं की तिथंच थांबा.

यातली दुसरी सुधारणा रेडिओला जमत नाही. का, ते आकड्यांत पाहू. राउटर साधारण 100 मिलिवॉट शक्तीने प्रक्षेपण करतो, म्हणजे 20 डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजायचं एकक). तुमच्या फोनचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा चांगल्या रेंजमध्येही उणे 60 डीबीएमच्या आसपास असतो. या मोजपट्टीवर दर 10 अंकांना शक्ती दहापट बदलते, म्हणजे उणे 60 हा एका वॉटचा अब्जावा भाग झाला. राउटरचा स्वतःचा आवाज समोरच्यापेक्षा 10 कोटी पट मोठा! त्या गदारोळात दुसरं कोणी बोलतंय का, हे ऐकू येणं त्याला शक्य नाही. टक्कर होताना कळत नाही, म्हणून ती होऊच नये याची तजवीज आधी करावी लागते.

ती तजवीज 1997 मध्ये 802.11 या वाय-फायच्या मानकात आली. मूळ वेग होता सेकंदाला 1 किंवा 2 मेगाबिट. वेग पुढे शेकडो पटींनी वाढला, पण पाळी ठरवायची रीत बरीचशी तीच राहिली. 2.4 गिगाहर्ट्झवरची एक फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पुडकं, घेऊ. फोन आधी हवा ऐकतो. शांतता असेल, तर 28 मायक्रोसेकंद ती टिकते का ते पाहतो. मग शून्य ते 15 मधला एक आकडा मनाशी धरतो आणि नऊ-नऊ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी उलटा मोजत येतो. मध्येच दुसरं कोणी बोलायला लागलं, तर मोजणी जिथल्या तिथे थांबवतो, आणि हवा मोकळी झाली की तिथूनच पुढे नेतो. शून्य आला की फ्रेम पाठवतो. समोरचा ती तपासतो आणि फक्त 10 मायक्रोसेकंदांत पोच देतो. बाकीचे 28 थांबायला बांधलेले असल्यामुळे या पोचेच्या आड कोणी येत नाही. पोच आली नाहीच, तर पुढच्या वेळी आकडा शून्य ते 31 मधून, मग 63 पर्यंत, असं वाढत 1023 पर्यंत.

कोणी पंच नाही, कोणी यादी करत नाही, तरीही गर्दीतून वाट निघते. मला ही रचना आजही अतिशय देखणी वाटते.

पण तिची किंमत आहे. 54 मेगाबिट वेगाने 1500 बाइट पाठवायला साधारण 220 मायक्रोसेकंद लागतात. थांबणं, मोजणं, पोच यांची भर पडली की हाती निम्म्याच्या आसपास वेग उरतो. आता लांबच्या खोलीत एखादं उपकरण आहे, सिग्नल क्षीण, म्हणून ते 1 मेगाबिटवर उतरलंय. त्याला तेवढ्याच 1500 बाइटना 12,000 मायक्रोसेकंद लागतात. संधी दोघांना सारखी, पण एकाची पाळी दुसऱ्याच्या पन्नासपटीहून लांब. ते बोलत असताना राउटरशेजारचा फोन, सगळ्या दांड्या मिरवत, नुसता थांबलेला असतो. सुरुवातीच्या तक्रारीचं एक मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण लपलेल्या शेजाऱ्याचं. राउटरच्या दोन बाजूंना दोन लॅपटॉप आहेत. राउटर दोघांना ऐकतो, पण मधल्या भिंतींमुळे ते एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोघांनाही हवा मोकळी वाटते आणि टक्कर राउटरपाशी होते. यावर उपाय आहे: आधी छोटी परवानगी मागायची, राउटरने ‘बोल’ म्हणताना किती वेळ ते जाहीर करायचं, आणि ते ऐकून बाकीच्यांनी गप्प बसायचं.

चॅनेल निवडतानाही हेच ध्यानात ठेवा. 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनेल 5 मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, पण सिग्नल सुमारे 20 मेगाहर्ट्झ रुंद असतो. म्हणून 1, 6 आणि 11 हेच एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी 1 आणि 6 वर आहेत, मग आपण 3 घेऊ, असं अनेकजण करतात. तसं करू नका. एकाच चॅनेलवर असलेले राउटर निदान एकमेकांच्या फ्रेम समजून घेऊन थांबतात. अर्धवट मिसळणाऱ्या चॅनेलवर त्यांना एकमेकांचा नुसता गोंगाट होतो. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, 2.45 गिगाहर्ट्झला चालतो. 5 गिगाहर्ट्झवर चॅनेल पुष्कळ, पण भिंती ओलांडताना तिथला सिग्नल लवकर दमतो.

भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी हा एक वेगळाच विषय आहे. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. सरळ आलेली आणि भिंतीवरून आलेली लहर एकमेकींना मारक ठरल्या, तर फोन तीन-चार सेंटिमीटर सरकवल्यानेही फरक पडतो. 2009 च्या 802.11एन मानकाने अनेक अँटेना वापरून याच परावर्तनांतून समांतर वाटा काढल्या. अडचणीचंच भांडवल केलं.

हवा सगळ्यांची, म्हणजे ऐकूही सगळ्यांना जातं. म्हणून डेटा गुप्त लिपीत पाठवतात. त्यासाठीचं जुनं डब्ल्यूईपी एन्क्रिप्शन 2001 मध्येच फुटलं होतं. आज डब्ल्यूपीए2 या त्यानंतरच्या पद्धतीच्या खालचं काहीही चालू ठेवू नका, जमलं तर डब्ल्यूपीए3 लावा.

वाय-फाय 6 पासून राउटर एका चॅनेलचे बारीक तुकडे पाडून एकाच वेळी अनेक उपकरणांना वाटून देऊ शकतो. त्याने छोट्या फ्रेमची गर्दी हलकी होते.

आता तुमच्या हातात काय आहे? टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, जे जागचं हलत नाही ते केबलवर घ्या, तेवढी हवा फोनसाठी सुटते. राउटर मध्यभागी आणि उंचावर ठेवा. लांबच्या खोलीसाठी रिपीटर (सिग्नल ऐकून पुन्हा पुढे पाठवणारं उपकरण) घेण्याआधी विचार करा. एकाच चॅनेलवर चालणारा रिपीटर प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत सोडतो, म्हणजे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं आणखी एक खोकं), तोही वेगळ्या चॅनेलवर, हे काम कितीतरी चांगलं करतो.