उभी गाडी, थरथरता पूल

मंडळी, निमंत्रणावर विषय छापलाय 'उन्नत मार्गावरच्या मॅग्लेव्ह गाड्यांचं गतिशास्त्र'. नाव ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वेग येतो. मॅग्लेव्ह म्हणजे चाकांऐवजी चुंबकांच्या बळावर मार्गापासून अधांतरी तरंगत धावणारी गाडी. मी मात्र थांबलेल्या गाडीबद्दल बोलायला आलोय. गाडी ताशी चारशेनं पळते तेव्हा पूल जितका छळत नाही, तितका ती स्थानकात निवांत उभी असताना छळू शकतो. हे तुम्हाला पटवूनच जायचं, असं ठरवलंय.

त्याआधी एक जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. २४ मे १८४७. इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सननं बांधलेला रेल्वेपूल होता, बिडाच्या गर्डरांचा. पुलावरच्या लाकडाला ठिणगीनं आग लागू नये म्हणून त्याच दिवशी रुळांभोवती खडी पसरली होती. म्हणजे पुलावरचं वजन त्याच दिवशी वाढलं, हे ध्यानात घ्या. संध्याकाळची गाडी पुलावर आली आणि इंजिनचालकाला पायाखालचा पूल खचतोय असं जाणवलं. त्यानं वेग वाढवायला इंजिनाला पूर्ण वाफ दिली. इंजिन पलीकडच्या काठाला लागलं, मागचे डबे नदीत गेले. पाच जण दगावले. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या चालकाचाच विचार करत बसलो होतो. काहीतरी हलतंय हे त्याच्या पायांना आधी कळलं.

गर्डर मोडला तो बीड ठिसूळ म्हणून, वेगामुळे नव्हे. पण पुढे सरकारनं नेमलेल्या आयोगाला प्रश्न पडला की धावतं वजन आणि उभं वजन पुलाला सारखंच वाटतं का? केंब्रिजच्या रॉबर्ट विलिस यांनी पट्ट्यांवरून वजनाची गाडी सोडून पाहिलं. तेच वजन धावत गेलं की पट्टी जास्त वाकायची. १८४९ मध्ये गणितज्ञ जॉर्ज स्टोक्सनं त्याचं गणित मांडलं. तेव्हापासून पूल बांधणाऱ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: धोका वेगात आहे, उभी गाडी म्हणजे फक्त वजन. चाकांच्या गाडीपुरतं ते ठीक. मॅग्लेव्हला ते लागू नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

का लागू नाही? लोखंडी पट्टीखाली विद्युतचुंबक धरा. तो वर ओढला जातो. जवळ गेला की ओढ वाढते, लांब गेला की कमी होते. स्प्रिंगच्या नेमकं उलट. म्हणजे सोडून दिला तर एक तर चिकटणार, नाही तर पडणार. कायमचुंबकांच्या बाबतीतही नुसत्या मांडणीनं काही स्थिर तरंगत नाही, हे गणितज्ञ अर्नशॉनं १८४२ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून सेन्सर चुंबक आणि पट्टी यांच्यामधली फट मोजतो आणि कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह कमीजास्त करतो. शांघायची गाडी अशीच चालते. २००४ पासून प्रवासी नेतेय, ताशी ४३१ किलोमीटरपर्यंत धावलीय, आणि फट जेमतेम १० मिलिमीटर. करंगळीएवढी.

आमच्या प्रयोगशाळेत असाच एक चुंबक होता. जाड लोखंडी ठोकळ्याखाली तासन्‌तास शांत तरंगायचा. एकदा ठोकळा काढून पातळ पट्टी लावली. आधी बारीक गुणगुण आली, मग ती चढत गेली आणि अर्ध्या मिनिटात पट्टी दिसेल इतकी थरथरायला लागली. ढकललं कुणीच नव्हतं, हललं काहीच नव्हतं. सहकाऱ्यानं पट्टीवर बोट टेकवलं आणि आवाज बंद! बोट उचललं, पुन्हा सुरू. ती दुपार मी विसरलेलो नाही.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा मुद्दा भरभर सांगतो.

पट्टी जरा वाकली की फट बदलते, कंट्रोलर ओढ बदलतो, पण किंचित उशिरा. तो उशीर पट्टीच्या लयीशी जुळला की झोपाळ्याला प्रत्येक फेरीला ढकलल्यासारखी ऊर्जा आत जात राहते. पुलाचं स्वतःचं डॅम्पिंग, म्हणजे कंपन जिरवण्याची ताकद, अपुरं पडलं की थरथर वाढतच जाते. आता वेगाचा हिशेब करा. ४३० म्हणजे सेकंदाला साधारण १२० मीटर. २५ मीटरचा गर्डर पाव सेकंदाच्या आत मागे पडतो. कंपन वाढायला वेळच मिळत नाही. शिवाय वजन चाकांखाली एकवटलेलं नसून चुंबकांच्या लांबीभर पसरलेलं असतं. सेकंदाला पाचएक गर्डर लागतात, म्हणून गर्डरची स्वतःची लय त्याहून वर ठेवली की बरंच भागतं. उभी गाडी मात्र तरंगतच असते आणि एकाच गर्डरला ढकलत राहते.

जपानची यामानाशीची गाडी यातून सुटते, कारण तिची फट जवळपास १० सेंटिमीटर आहे आणि सावकाश चालताना ती चाकांवरच असते. २०१५ मध्ये तिनं ६०३ गाठले.

उपाय दोन. गर्डर जड आणि ताठ करा, म्हणजे खर्च वाढला. नाही तर कंट्रोलर जुळवताना पूलही त्याच समीकरणात घ्या. मी बसलोय अशा बैठकांना, जिथे गर्डरचा आराखडा आधी पक्का होतो आणि नियंत्रणवाल्यांना तो नंतर मिळतो. मला याचा मनापासून राग येतो. पहिल्याच दिवशी दोघांना एका टेबलाशी बसवा.

तो चुंबक आणि ती पातळ पट्टी बाहेरच्या टेबलावर मांडलीय. जाताना पट्टीवर बोट टेकवून बघा, मग उचला.