परतीचा माल

(दृश्य: पत्र्याची खोली, सकाळचं तिरपं ऊन. कॅमेरा सावकाश फळीवर येतो.)

कोपऱ्यात खताची पोती. खुंटीला पाठीवरचा जुना फवारणी पंप, त्याच्या पट्ट्याला अजून औषधाचा वास. आणि फळीवर ओळीनं सहा बॅटऱ्या. पहिल्या चार विटेसारख्या चौकोनी. पाचवी पुरीसारखी टरारलेली. सहावीचं आवरण शिवणीवर उसवलंय, आतली चांदीच्या रंगाची पिशवी दिसते.

घरातल्या लेकरांना या खोलीत यायला बंदी आहे. मांजराला कोण सांगणार, म्हणून दाराला कडी.

हे परभणी जिल्ह्यातलं गाव, जिंतूर रस्त्यावरून थोडं आत. खोलीच्या मालकीणबाईंना गावात आता कोणी नावानं हाक मारत नाही. ‘ड्रोनवाल्या ताई’ म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नमो ड्रोन दीदी योजनेला मंजुरी दिली. महिला बचत गटाला ड्रोन, किमतीच्या ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख रुपये. ताईंच्या गटाला तो मिळाला. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि ड्रोनसोबतच्या संचाखेरीज बॅटरीचे आणखी चार संच आले, एक संच म्हणजे दोन बॅटऱ्यांची जोडी. त्या दिवशी पेढे वाटले होते.

बॅटऱ्या आणायची व्यवस्था चोख होती. आमची ही गोष्ट त्या परत जायच्या व्यवस्थेची आहे.

(दृश्य: सोयाबीनच्या शेतावर ड्रोन. पंख्यांचा आवाज.)

दहा लिटरची टाकी भरून ड्रोन उचलायचा म्हणजे बॅटरीचा जीव निघतो. ताई सांगतात, “एका जोडीत एक एकर. लई झालं तर सव्वा. मग खाली घ्यायचं, जोडी बदलायची.”

आता हिशेब करा. दिवसाला वीस एकर, पाच जोड्या. म्हणजे प्रत्येक जोडी दिवसातून चारदा रिकामी होते आणि चारदा भरते. सोयाबीन, कापूस, तूर मिळून खरिपात पन्नास दिवस काम लागलं तर एका हंगामात दोनशे फेऱ्या. या लिथियमच्या जातीच्या बॅटरीचं आयुष्यच काही शे फेऱ्यांचं. त्यात शेतातली लाईट रात्रीची, त्यामुळे दिवसा बांधावर जनरेटर. बॅटरी उतरली की हाताला चटका बसेल इतकी तापलेली असते. ती बाभळीखाली अर्धा तास निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण पुढचा शेतकरी बांधावर उभा असतो. आभाळ भरून आलेलं असतं. कोण थांबतं?

उष्णतेनं आतला द्रव मोडतो, त्याचा वायू होतो. वायूला बाहेर जायला वाट नसते. म्हणून ही पुरी.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. एक मुलगा अंगठ्यानं वर-वर सरकवतोय.)

हा ताईंच्या बहिणीचा मुलगा. परभणीत शिकतो, ड्रोनचं सगळं ऑनलाईन काम त्याच्याकडे. परदेशातल्या एका विक्रेत्याची जाहिरात त्यानंच शोधली. जुन्या ड्रोन बॅटऱ्या पाठवा, प्रत्येकीमागे खात्यावर रक्कम जमा होईल, नव्या बॅटरीच्या किमतीतून ती वजा.

तो म्हणाला, “मावशे, बसल्या जागी सहा बॅटऱ्यांचे पैसे वसूल.”

मावशीला यात काही नवल वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. ट्रॅक्टरची बॅटरी बसली की परभणीच्या दुकानात काय करतात? जुनी द्यायची, तिचे पैसे कापून नवी घ्यायची. इन्व्हर्टरचंही तेच. दुकानदार जुनी बॅटरी काट्यावर ठेवतो, शिशाचा भाव मोबाईलवर बघतो आणि आकडा सांगतो. ही रीत इतकी मुरलेली आहे की जुनी बॅटरी न आणणारं गिऱ्हाईक दुकानदाराला खुळं वाटतं. यामागे कायदाही आहे. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यांनी परत घ्याव्यात हा नियम शिशाच्या बॅटऱ्यांसाठी २००१ मध्येच आला. पण माझं मत विचाराल तर ही साखळी कायद्यापेक्षा शिशामुळे चालते. शिसं जड, ते सहज वितळतं, त्याला किलोचा भाव आहे आणि टेम्पोत टाकलं तर ते पेट घेत नाही.

लिथियमचं यातलं काहीच जमत नाही.

(दृश्य: पहाटेचा परभणी बसस्टँड.)

पोरानं धडधाकट दिसणाऱ्या दोन आणि ती टरारलेली एक, अशा तीन बॅटऱ्या थर्माकोलमध्ये गुंडाळल्या. बिस्किटांच्या खोक्यात भरल्या, वर चिकटपट्टी मारली. पहाटेची छत्रपती संभाजीनगरची एसटी धरली. खोकं मांडीवर. शेजारी एक आजीबाई, त्यांच्या पायाशी भाजीची पाटी. जालन्याला चहाला गाडी थांबली तेव्हा तो खोकं आजींच्या हवाली करून खाली उतरला. आज आम्हाला ते आठवून घाम फुटतो. त्या दिवशी कोणालाच फुटला नाही.

कुरिअरच्या काउंटरवरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, “आत काय?”

“बॅटरी.”

“कशाची? किती वॅट-अवरची?”

वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. हे गणित अवघड नाही. एका सेलचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट. सहा सेल ओळीत जोडले की २२.२. बॅटरीवर लिहिलंय १६ अँपिअर-अवर. गुणाकार करा, ३५५ वॅट-अवर. विमानानं जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला सौम्य नियम लागतात ते १०० वॅट-अवरपर्यंत. त्याच्या वर गेलं की पूर्ण धोकादायक माल, वर्ग ९. मग संयुक्त राष्ट्रांच्या चाचणीचा कागद, प्रमाणित खोकं, वरची लेबलं, प्रशिक्षित माणसाच्या सहीचं जाहीरपत्र. बिस्किटांचं खोकं यात कुठंच बसत नाही.

काउंटरवरच्या माणसानं दुसरा प्रश्न विचारला, आणि खरी गाठ तिथं बसली. “चांगली आहे का खराब?”

पोरगं खरं बोललं. “एक फुगलीय.”

त्या माणसानं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद दाराबाहेर, पायरीवर नेऊन ठेवलं. मग आत येऊन म्हणाला, “हे घेऊन जा, भाऊ. आणि विमानतळाकडं तर जाऊच नको.”

पोराला राग आला होता. आम्हाला मात्र तो माणूस शहाणा वाटला.

(दृश्य: रात्रीच्या आकाशात विमानाचा लुकलुकता दिवा.)

३ सप्टेंबर २०१०. दुबईहून निघालेलं एक मालवाहू बोइंग ७४७. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा. उड्डाणानंतर सुमारे वीस मिनिटांत आग लागल्याचं कळलं. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकांना समोरची यंत्रं दिसेनात. परत फिरताना विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. पुढच्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, आणखी एक मालवाहू ७४७ आगीमुळे समुद्रात पडलं. त्यातही लिथियम बॅटऱ्या होत्या.

अशा आगीला बाहेरच्या हवेवर अवलंबून राहावं लागत नाही. एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. गंजीला लागलेली आग आमच्याकडं सगळ्यांनी पाहिलीय, पण गंज निदान झाकता येते.

म्हणून १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानाच्या मालात बंद झाल्या. मालवाहू विमानात चालतात, पण चार्ज तीस टक्क्यांच्या वर नको, कारण चार्ज जितका कमी तितका भडका कमी. फुगलेली, चेपलेली, बिघडून धोकादायक झालेली बॅटरी कुठल्याच विमानात नाही. आणि मोडीत काढण्यासाठी किंवा पुनर्वापरासाठी निघालेली असेल तरीही नाही. या मोडीच्या मालाला अपवाद एकच, माल जिथून निघतो तो देश आणि विमान कंपनीचा देश या दोघांच्याही विमान खात्यांनी खास परवानगी दिली तर. ती परवानगी तीन बॅटऱ्यांसाठी मागायला कोण जाणार?

म्हणजे बॅटरी चांगली असेल तर ती मोडीत द्यायची कशाला, आणि मोडीत द्यायची म्हटली की उडता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

(दृश्य: ओसरी. ताई तूर पाखडतायत.)

गावात सल्ल्याला तोटा नसतो. कोणी म्हणालं, पोष्टानं टाका. हवाई टपालात सुटी लिथियम बॅटरी चालत नाही. कोणी म्हणालं, पाटलाचा मेहुणा दुबईला असतो, दिवाळीला येतो, जाताना बॅगेत घालून द्या. प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीला विचारून, तीही दोनच. ३५५ ची? मेहुण्याला सुरक्षा तपासणीतच बसवून ठेवतील.

मग उरलं न्हावाशेवा. जहाजानं जाते, नाही असं नाही. त्याचे नियम वेगळे आहेत, खराब बॅटरीसाठी खोक्यात बांधायची वेगळी पद्धत आहे. पण ते गणित कंटेनरचं. त्यात एका देशाचा धोकादायक कचरा दुसऱ्या देशात न्यायचा तर दोन्ही देशांची आधी संमती हवी, असं १९८९ चा बाझल करार सांगतो. फळीवरच्या सहा बॅटऱ्यांसाठी एवढं सगळं मांडायचं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरायचा.

आणि एवढं झाल्यावर एका रात्री पोरानं ती जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ही सवलत फक्त आमच्या देशातून, रस्त्यानं पाठवलेल्या मालाला.

ताई खूप वेळ हसत होत्या. “आधी खालून वाचायचं ना लेका. बँकेचा कागद कसा वाचतो आपण?”

(दृश्य: बॅटरीवरचं चिन्ह, जवळून.)

या बॅटरीवर एक चित्र आहे, चाकाची कचरापेटी आणि तिच्यावर फुली. कचऱ्यात टाकू नका, एवढाच त्याचा अर्थ. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले, त्यांनी हे चिन्ह बंधनकारक केलं. हे नियम आम्ही दोनदा वाचले, आणि खरं सांगायचं तर ते चांगले आहेत. जो बॅटरी बनवतो, आयात करतो किंवा आपल्या नावाच्या यंत्रात घालून विकतो, तो उत्पादक. वापरून झालेली बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पोचवायची जबाबदारी त्याची. परत घ्यायची योजना, अनामत रक्कम, या वाटा त्याला खुल्या आहेत. ताईंचं काम इतकंच, बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही आणि गोळा करणाऱ्याकडे द्यायची.

दिल्लीलाही हा माल देशाबाहेर जावा असं वाटत नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या भंगारावरचं मूळ सीमाशुल्कच काढलं, कारण आतला कोबाल्ट, निकेल, लिथियम आपल्याला हवा आहे. म्हणजे परदेशातलं भंगार शुल्काविना आत येणार आणि परभणीच्या फळीवरचं परदेशी धाडायला आम्ही एसटीनं निघालो होतो.

गोळा करणारा कुठं आहे, एवढाच प्रश्न होता.

परभणीचा ट्रॅक्टर-बॅटरीवाला आहे ना, म्हणून आम्ही त्याच्याकडं गेलो. त्यानं चांगली दिसणारी एक हातात घेतली, वजनाचा अंदाज केला आणि तशीच परत ठेवली. “हिच्यात शिसं नाही, ताई.” बास, विषय संपला. भंगारवाला घ्यायला तयार होता, पण तांबं आणि ॲल्युमिनियम काढायला तो ती कोयत्यानं चिरणार होता. दमलेली, मेलेली म्हटली तरी बॅटरीत चार्ज शिल्लक असू शकतो. मेलेला साप काठीनं ढोसतात तसंच हे. यूट्यूबवर एकजण मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगतो. त्यानं वरची टोकं गंजून जातात, आत वीज तशीच राहू शकते, आणि पिशवी फुटलेली असेल तर पाण्याशी मिळून विषारी आम्ल तयार होतं. ताईंनी ते केलं नाही, हे बरं झालं.

(दृश्य: गोठ्यामागं, भिंतीपासून लांब, मातीचा रांजण.)

त्यांनी वेगळंच केलं. सासूच्या काळातला पाण्याचा रांजण गोठ्यापासून चार हात दूर नेला. तळाला कोरडी वाळू, तिच्यावर फुगलेली बॅटरी, वर पुन्हा वाळू. टोकांना आधी चिकटपट्टी. तोंडावर फरशी. उसवलेली दुसऱ्या रांजणात, एकटी.

पोरगं मात्र गप्प बसलं नाही. ड्रोन विकणाऱ्या कंपनीला फोन केले. पुण्याला आणून द्या, म्हणाले. कशी, ते नाही सांगितलं. मग एका पुनर्वापर कारखान्याचा नंबर मिळाला. तिथला माणूस सरळ बोलला. सहा बॅटऱ्यांसाठी गाडी पाठवणं परवडत नाही. टेम्पोभर जमवा, आमची गाडी येईल, बांधायचं सामान आम्ही आणू, वजनावर काहीतरी देऊ.

तेव्हापासून त्याच्याकडं एक वही आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतले ड्रोनवाले गट, त्यांचे नंबर, पुढं बॅटऱ्यांचा आकडा. सेलू, मानवत, पाथरी. गाडी पोळ्यानंतर यायची आहे, आकडा जमला तर.

(दृश्य: ओसरीवर संध्याकाळ. पोरगं फोनवर. फोन स्पीकरवर आहे.)

“ताई, नमस्कार. जिंतूर रोडवरून बोलतोय, त्या बॅटरीचं. तुमच्याकडं फुगलेल्या किती हायेत?”

“तीन होत्या.”

“होत्या म्हंजी?”

“एक पोरांनी सुईनं टोचून बघितली. दोनच लिव्ह.”